नर्सबाईंचा जुना आवाज

नर्सबाई, तू बारीक अक्षर वाचत नाहीस, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते आहे. मध्येच "जाऊ द्या हो वन्सं" म्हणायचं नाही. गल्लीत तुझ्याबद्दल बोलतात ते अर्धवट आहे, आणि अर्धवट बोलणं मला सहन होत नाही. तू गप्प बस, मी बाकीच्यांना सांगते.

नर्सबाई म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. बावीस वर्षं पालिकेच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात. चिकटपट्टीचे तुकडे आधीच कापून टेबलाच्या कडेला ओळीने लावून ठेवायची, एकाला पट्टी करतानाच पुढच्याला दटावणार, "ओरडायचं असेल तर बाहेर ओरडून ये." दवाखाना संध्याकाळी सहा ते नऊ. गल्लीतली निम्मी माणसं कपडे धुण्याच्या कारखान्यात. दिवसा आजारी पडायला त्यांना रजा कोण देतं?

रोज काम आटोपलं की ती फोन बशीसारखा तोंडासमोर धरून गल्लीच्या ग्रुपवर आवाजी निरोप टाकायची. "मंडळी, उद्या डॉक्टर उशिरा येणार." "मंडळी, उद्या लस आहे, लेकरांना झोपेतून उठवून आणा." नेहमी 'उद्या', तारीख कधीच नाही. दोन वर्षांपूर्वी मतदानाच्या शाळेत पाणी शिरलं, तेव्हाही तिने असंच सांगितलं: "मंडळी, उद्याचं मतदान नाही, पुढच्या बुधवारी आहे." तेव्हा ते खरं होतं.

यंदाच्या निवडणुकीत गल्लीपुढे एकच प्रश्न होता: संध्याकाळचा दवाखाना राहणार की जाणार. एक उमेदवार तो बंद करणार होता, दुसरी चालू ठेवणार होती. मतदान बुधवारी, भर कामाच्या दिवशी, पाचपर्यंत. कारखान्याने दोन तासांची सूट दिली होती, पण आदल्या दिवशी नाव नोंदवणाऱ्यालाच. प्रचार संपला, भोंगे गप्प झाले, आणि मंगळवारी सकाळी कुणीतरी तिचा तो दोन वर्षांपूर्वीचा निरोप पुन्हा सोडला. कारखान्याच्या ग्रुपवर फिरला. नर्सबाई त्या ग्रुपवर नाही.

बुधवारी अकरा वाजता तिला इस्त्रीवाली भेटली, डबा घेऊन कामाला निघालेली.

"अगं, मत दिलंस का?"

"आज कुठलं मत? तुम्हीच म्हणालात, पुढच्या बुधवारी."

"मी? मी तोंडसुद्धा उघडलं नाही!"

"मग हे काय भूत बोलतंय?" तिने फोनवर तो निरोप ऐकवला. आवाज हिचाच. मागे चिमटे-कात्र्या उकळायच्या जुन्या डब्याचं झाकण खडखडत होतं. तो डबा तर दीड वर्षापूर्वीच भंगारात गेला होता.

नर्सबाईने तिथेच उभ्याउभ्या इस्त्रीवालीच्या फोनवरून कारखान्याच्या ग्रुपवर नवा निरोप पाठवला: "मंडळी, ते जुनं आहे, मतदान आजच आहे." आता एकाच आवाजाचे दोन निरोप झाले. कारखान्यातून उत्तर आलं, "हल्ली कुणाचाही आवाज बनवतात. सावध राहा. पहिलाच खरा." म्हणजे तिच्यावरच्या विश्वासापायीच कुणी तिचं ऐकेना!

कारखान्याच्या फाटकावर रखवालदार म्हणाला, "बाई, काल नावं दिली असती तर सोडलं असतं." घरोघरी फिरून पाचपर्यंत अकरा माणसं मिळाली, त्यातली चार आजारी. तेवीस मतांनी दवाखाना हरला.

मग गल्ली म्हणू लागली, नर्सबाई विकली गेली. जिच्या हातून सुई टोचून घेतली, तिच्याबद्दल!

तक्रारीला तीस दिवसांची मुदत होती. फेरमतदान मिळालं असतंच असं नाही, पण जुना निरोप तारखेसकट तिच्या फोनमध्ये होता. अर्ज मी लिहिला. "हा आवाज माझाच आहे," हे वाक्य वाचून ती थबकली.

"वन्सं, हे लिहून दिलं की सगळं माझ्याच गळ्यात."

"नाही दिलं तरी गळ्यातच आहे. सोमवारी निवडणूक कचेरीत जायचं, दहा वाजता."

"येते," म्हणाली.

सोमवारी मी चप्पल घालून अकरापर्यंत बसले. ती आली नाही. तिचं घर माझ्यापासून दोन दारांवर. मी उठून गेले असते तर आली असती. पण अर्ज वाचतानाचा तिचा तो चेहरा मला पुन्हा बघवत नव्हता, म्हणून मी चप्पल काढली. पुढचे सोमवारही तसेच गेले, आणि मुदतही संपली. दवाखान्याच्या दारावर आता 'दहा ते दोन' लिहिलं आहे. अर्जावर अजून सही नाही.