वडाचा दोरा मी उलटा सोडला

आधीच सांगून ठेवते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. वटसावित्रीला वडाला दोरा गुंडाळायचे तो सासूच्या धाकानं.

तेव्हा भिलाईचा पोलादाचा प्लांट उभा राहत होता. आम्ही भंडाऱ्याकडचे, आमचे हे डोझर चालवायचे. कामगारांच्या नव्या वसाहतीत, आमच्या सेक्टरमधली झाडं गुडघ्याएवढी... म्हणून पूजेला आम्ही बाया कुरुद गावाच्या बाजूला, प्लांटसाठी उठवलेल्या एका वस्तीतल्या जुन्या वडाकडे जायचो. त्या वर्षी सकाळी मी सात फेरे घातले, सात जन्म हाच नवरा मागितला. दुपारी ह्यांनी तोच वड पाडला.

"आधी सांगता येत नव्हतं?"

"सायबाचा हुकूम कालच आला. तुले सांगतलं असतं, तर जाऊ देल्लं असतं मले ड्यूटीवर?"

"नसतंच जाऊ देल्लं."

असा संताप आला की मी ताट वाढलं नाही. तेवढ्यात हे छाती धरून खाली बसले. "अवं, दम कोंडून राहिला माहा..." बनियन वर केली, तर छातीपाठीला वेढून लाल वळ. सात. दोऱ्यानं आवळल्यासारखे. डॉक्टर अ‍ॅलर्जी म्हणाले, इंजेक्शन देऊन गेले. वळ आणखीच रुतत चालले.

शेजारणीला ह्यांच्याजवळ बसवलं आणि मी अनवाणी निघाले. ऊन कलत होतं. वड फांद्यांवर टेकून आडवा पडलेला, माझा दोरा तसाच. त्या वस्तीतली एक म्हातारी तिथं बसली होती. माझ्याकडे बघून थुंकली.

"बांधे तैं, गिराइस तोर आदमी. अब काबर आए हस?"

बांधलंस तू, पाडलं तुझ्या नवऱ्यानं, आता कशाला आलीस, असं विचारत होती. बुंध्याखालून सरपटत एकेक वेढा उलटा सोडत गेले. असा दोरा सोडणं म्हणजे मागितलेला एकेक जन्म परत करणं, ते मला चांगलं कळत होतं. पण माणूस आज जगायला पाहिजे होता, पुढचे जन्म घेऊन काय करू? सहा वेढे निघाले. सातवा मातीत दबलेला, तो काही निघेना.

घरी आले तर हे शांत झोपलेले. शेजारीण पांढरीफटक. म्हणाली, "एकेक वळ माह्या डोळ्यादेखत गेला वं."

एक तेवढा राहिला. पुढं आम्ही म्हातारे होईपर्यंत भांडत संसार केला, तो वळ होताच. अ‍ॅलर्जी असेल तर एकच का राहिला, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. मी परत कधी वड पूजला नाही. बाया नास्तिक म्हणतात, म्हणू द्या.

हे गेले तेव्हा आंघोळ घालताना मी पाहिलं. तो वळही नव्हता. आता मागायला माझ्याकडे एकही जन्म उरलेला नाही.