अनसूयाचा परिचय

आमच्या उज्जैनच्या मराठी मंडळींत माणसाची ओळख त्याच्या पणजोबांपासून सुरू होते. पणजोबा दरबारात कोण होते ते कळलं की झालं, पुढचं कोणी विचारत नाही. त्यामुळे अनसूया तीस वर्षं माधव नगरात नुसती ‘दिवाणांची सून’ होती. मग पन्नाशीत ती कार शिकली आणि हळूहळू इतर बायकांना शिकवायला लागली. सकाळी दसरा मैदानावर तिची जुनी लाल गाडी दिसते आणि तिचा आवाज ऐकू येतो, “घाबरता काय? रिक्षावाला आपल्याला बघून रुकतो!” मीही तिच्याकडेच शिकले आणि बोलणीही पोटभर खाल्ली.

तिचे थोरले दीर भय्यासाहेब मात्र कपाळाला हात लावत. “दिवाणांच्या घरात ड्रायव्हरकी?”

यंदा गणेशोत्सवात समाजानं ‘आदर्श सून’ म्हणून तिचा सत्कार ठरवला. परिचय भय्यासाहेबच करून देणार होते. अनसूयानं त्यांना आधीच बजावलं, “भाऊजी, माझ्या कामाबद्दलही दोन शब्द बोला. नाहीतर शाल मी नाही घेणार.”

“बघू,” ते म्हणाले.

बघतात कसले! सत्काराच्या दिवशी भाषणात घराणं झालं, सासरे झाले, नवऱ्याची बँक झाली, मुलाची पुण्यातली नोकरी झाली. तिच्या गाडीचं नावसुद्धा नाही. माझं तर डोकंच फिरलं. अध्यक्ष शाल घेऊन पुढे आले, तशी अनसूया मागे सरली आणि तिनं माइक हातात घेतला.

“घराण्याचा मला अभिमान आहे. पण ते मला आयतं मिळालं. मी स्वतः केलं ते हे, की मी बायकांना गाडी शिकवते. माझ्याकडे शिकलेल्या कोणी इथे असतील तर उभ्या राहा ना, म्हणजे भाऊजींना परिचय पूर्ण करता येईल.”

मी ताडकन उठले. मागे खुर्च्या वाजल्या. बघते तर बायकांची निम्मी बाजू उभी! आणि पहिल्या रांगेत पदर सावरत सुलूताई उठल्या. भय्यासाहेबांची स्वतःची बायको.

“तू? कधी शिकलीस?” भय्यासाहेब ओरडले. माइक जवळच होता, अख्ख्या हॉलला ऐकू गेलं.

“तुम्ही दुपारी झोपता तेव्हा,” सुलूताई म्हणाल्या. “आता तिचा परिचय ढंगानं करून द्या. आणि घरी जाताना चाबी माझ्याकडे.”

हॉल हसून लोटपोट झाला. भय्यासाहेबांनी कागद घडी करून खिशात टाकला आणि माइक घेतला.

“ही अनसूया,” ते म्हणाले. “गाडी शिकवते.”

टाळ्या थांबेचनात. अनसूयानं मान झुकवून शाल घेतली.