भिंतीपलीकडची याडी

आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात आणि देवीलाही याडीच म्हणतात. शिकायला तांड्याबाहेर पडलो तेव्हापासून यातली पहिली याडी मी जवळ ठेवली आणि दुसरी हळूहळू सुटत गेली. तांड्यातला पहिला पदवीधर म्हणून माझा सत्कार झाला होता, त्याचा थोडा ताठाही असावा. दारव्ह्याच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. आई रोज निखाऱ्यावर तूप-गूळ सोडून भोग लावायची, तेव्हा मी पेपर वाचत बसायचो. तिने सांगितले तर हात जोडायचो, पण मनात काही नसायचे. पहिल्या टाळेबंदीच्या उन्हाळ्यात आमच्या घरात जे घडले, त्यातून मला काही सिद्ध करायचे नाही. घडले तसे सांगतो.

माझी पत्नी सुनीता हिला ना ताप होता, ना खोकला. बाळाला पाहून गेलेला तिचा भाऊ बाधित निघाला म्हणून आमच्या घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली आणि एकट्या तिचाच अहवाल पॉझिटिव्ह आला. बाळ साडेतीन महिन्यांचे होते. तिला न्यायला यवतमाळहून गाडी आली. बाळाला सोबत नेता येणार नाही, असे सांगण्यात आले. तोंडाला मास्क बांधून तिने उंबऱ्यावर बसून त्याला शेवटचे पाजले. गाडीवाला दुसरीकडे तोंड करून उभा राहिला, त्याचे मी आजही उपकार मानतो. मग आमच्या दाराला विलगीकरणाचा कागद चिकटवला गेला आणि घरात आई, मी आणि बाळ एवढेच उरलो.

बाळाने बाटली कधी पाहिलीच नव्हती. पावडरचे दूध आणून दिले गेले होते, पण बाळ ते तोंडात घेई आणि बाहेर काढी. वाटी-चमच्याने पाजले, तर ठसका लागे. आईने शेळीचे दूध मागवले, तेही तसेच बाहेर आले. सुनीता फोनवर नुसती विचारायची, "घेतलं का?" आणि मी म्हणायचो, "घेते थोडं थोडं." हे खोटे होते. डॉक्टर फोनवर म्हणाले, "लघवी होते का तेवढं पाहत राहा." म्हणून दर अर्ध्या तासाने आम्ही लंगोट चाचपून पाहायचो. तिसऱ्या दिवशी सकाळी तो कोरडा होता. दहा वाजता कोरडा, बारा वाजताही कोरडा. रुग्णवाहिकेला फोन लावला, तर ती दुसऱ्या गावी गेलेली, परत यायला संध्याकाळ होणार होती. आई माझ्याकडे पाहून म्हणाली, "तू एवढा शिकेल हायेस, मंग सांग न आता काय करावं?" तिने टोमणा मारला नव्हता, ती खरंच विचारत होती. 

तिने चुलीतला निखारा घेतला आणि भोग लावायला बसली. भोग लावताना ती आधी किड्यामुंगीचे भले मागते, मग गुराढोरांचे, मग साऱ्या लोकांचे आणि सगळ्यात शेवटी आपल्या घराचे. मी चिडून म्हणालो, "आज तरी पहिले आपल्या पोराचं माग."

"काहून? तिले मालूम नाही का कोन उपाशी हाय ते?" असे म्हणून तिने मुंग्यांपासूनच सुरुवात केली.

मी तिच्या बाजूला बसलो. हात जोडले, पण मागायला शब्द सापडले नाहीत. माझ्याच्याने होत नाही, एवढेच मनात आले. त्या वेळी मला शांत वगैरे वाटले नाही. फक्त थकलो होतो.

आमच्या अंगणाच्या भिंतीत एक दार आहे. पलीकडे इरफानभाई मेकॅनिकचे घर. त्यांची बायको सलमाभाभी त्या दाराने आमच्या नळावर पाणी भरायला यायची. महिनाभरापूर्वी, आजार त्यांच्या लोकांमुळे पसरतो असे मोबाइलवर फिरणारे काहीबाही वाचून मी त्या दाराला कडी लावली होती. इरफानभाईंना म्हणालो होतो, "थोडे दिवस राहू द्या." ते "ठीक आहे सर" म्हणाले आणि दूरच्या बोअरवरून पाणी आणू लागले. त्या दुपारी तेच दार वाजले.

"अम्मा, कडी खोलो. मैं सलमा."

कडी मीच काढली. कडेवर तिची सहा महिन्यांची नसीमा होती. मागे इरफानभाई उभे होते. माझ्याकडे न पाहता ती आईला म्हणाली, "दो दिन से सुन रही. रोता था तब तक मैं चुप बैठी. सुबह से आवाज बारीक हो गया, तो फिर नहीं रहा गया." मग खालच्या आवाजात म्हणाली, "अम्मा, तो रडला का माझं झंपर भिजते. मी त्याले पाजू का?"

मी म्हणालो, "भाभी, परवापर्यंत बाळ त्याच्या आईजवळ होतं. तुम्हाला लागण होऊ शकते, नसीमालाही."

"मालूम है. मोबाइल मेरे घर में भी है, सर."



पण घरात येण्याआधी ती थांबली. "एक बात सुन लो. मेरा दूध पिया तो ये नसीमा का भाई हुआ. हमारे में फिर इन दोनों का रिश्ता नहीं हो सकता, कभी नहीं. सर, तुम याद रखना. अम्मा गवाह."

आई दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. "हाव, मी गवाह. याले तशीबी कोन देते पोरगी, पाह्य ना कसा वाळून गेला."

"अब नहीं वाळेगा," इरफानभाई बाहेरून म्हणाले.

नसीमाला आईकडे देऊन ती बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली. मी बाहेर ओट्यावर बसलो. बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. आई अधूनमधून आत डोकावून येत होती, सांगत मात्र काही नव्हती. दोनच्या सुमारास आई बाहेर आली आणि एक लंगोट माझ्या मांडीवर ठेवला. तो ओला होता, गरम होता. मी तो किती वेळ हातात धरून बसलो, ते आठवत नाही. रुग्णवाहिकेला पुन्हा फोन करून, आता गरज नाही, म्हणून कळवले.

दहा दिवस सलमाभाभी दिवसातून पाच-सहा वेळा येत राहिली. तिच्या घरात कोणालाही काही झाले नाही. मी आभार मानायला गेलो की ती म्हणायची, "सर, बाजूला व्हा, पोराला भूक लागली." झाल्या गोष्टीची माफीही मी मागितली. इरफानभाई म्हणाले, "त्या टायमाले सगळेच भेले होते, सर." 

अकराव्या दिवशी सुनीता परत आली. तिने बाळाला घेतले, तर ते तोंड फिरवून रडू लागले. ती पदर तोंडाला लावून बसली. पलीकडे सलमाभाभी नसीमाशी काही बोलली, तसे बाळाने भिंतीकडे मान वळवली. पलीकडचे बोलणे तिथेच थांबले. त्या दिवशी भाभी आली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटले, आमचे काही चुकले. आईने खुणेने मला भिंतीजवळ बोलावले. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, नसीमाही रडत होती, पण तिच्या आईचा आवाज नव्हता. इरफानभाई कुजबुजत म्हणाले, "सर, वो बोल नहीं रही. आवाज सुना तो बच्चा अपनी माँ के पास नहीं जाएगा, बोलती."

मी सुनीताला हे सांगितले. ती बाळाला छातीशी घेऊन बसून राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी बाळ तिला लुचले आणि पोट भरेपर्यंत प्याले.

आई भिंतीजवळ जाऊन म्हणाली, "पोरी, बोल आता."

 पलीकडून भाभीने विचारले, "पी लिया?"

आता आईजवळ बसून मीही भोग लावतो. देवीने त्या दुपारी मुंग्यांपासूनची प्रार्थना ऐकली की सलमाभाभीने बाळाचा आवाज, हा प्रश्न मी स्वतःला विचारायचे सोडून दिले आहे. माझ्या हातात काही उरले नाही तेव्हा ते रिकामे हात मी पुढे केले, आणि ज्यांना मी दार बंद केले होते त्यांच्याकडून ते भरले गेले. द्यायचे ते देऊन झाल्यावर गप्प राहणाऱ्याचे ऋण कसे मानावे, हे मला कुठल्या वर्गात शिकवले गेले नाही. भोग लावताना आता मी आधी किड्यामुंगीचे भले मागतो, मग भिंतीपलीकडच्या घराचे. स्वतःचे मागायची वेळ येते तेव्हा बहुतेक वेळा काही आठवत नाही.