कांताबाईंची बरी संध्याकाळ

धोंडीराम चव्हाण फौजेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. गाव कराडकडचं, पण नोकरीची बरीच वर्षं दिल्ली कँटमध्ये गेली. सुभेदार म्हणून निवृत्त झाले तेव्हा मुलगा विनय नोएडात कामाला लागला होता. म्हणून गावी न जाता त्यांनी ग्रेटर नोएडात चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. समोरचे दोन टॉवर बिल्डरने अर्धवट सोडून दिले होते. खिडकीतून त्यांच्या गंजलेल्या सळया दिसायच्या.

कँटातल्या क्वार्टरमध्ये त्यांच्या बायकोचं, कांताबाईंचं, दार दिवसभर उघडं असायचं. इथे सगळी दारं बंद आणि सगळी एकसारखी. त्यांना विसर पडायला लागला तेव्हा हेच पहिल्यांदा नडलं. त्या भलत्याच मजल्यावर उतरायच्या, बेल वाजवायच्या आणि दार उघडणाऱ्यालाच विचारायच्या, "आप हमारे घर में क्या कर रहे हैं?" लोक सुरुवातीला हसले, नंतर सोसायटीच्या ऑफिसात तक्रारी गेल्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या. बरं होण्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

दिवस कलला की कांताबाई बेचैन व्हायच्या. तेव्हा धोंडीराम क्लॅरिनेट काढायचे. ते वाजवायला लागले की त्या जागेवर बसायच्या आणि ताटलीवर चमच्याने ठेका धरायच्या. ठेका कधी चुकला नाही. विनयने एकदा त्याचा व्हिडिओ काढून नेटवर टाकला. लोकांना तो फार आवडला. मग दर रविवारी संध्याकाळी लाइव्ह सुरू झालं. पडद्याच्या कोपऱ्यात पैसे पाठवायचा चौकोनी कोड असायचा. कुणी अकरा रुपये पाठवायचं, कुणी एकवीस. पैसे आले की फोन टिंग करायचा.

धोंडीरामांना ते जड गेलं. "अरे, हे हात पसरणं झालं," ते म्हणाले.

"बाबा, हे भीक नाही यार. पूर्वी लोक कलाकारावर नोटा लावायचेच ना?"

"आमच्या बँडवर कुणी लावल्या नाहीत."

पण त्या पैशांतून कांताबाईंना सांभाळायला दिवसभराची बाई ठेवता आली, आणि धोंडीरामांना कितीतरी महिन्यांनी दुपारची झोप मिळाली. त्यांनी विरोध सोडला.

एका रविवारी वाजवणं संपल्यावर कांताबाई अदबीने म्हणाल्या, "छान वाजवता तुम्ही. घरी कोण कोण असतं आपल्या?"

धोंडीराम क्लॅरिनेट पुसत म्हणाले, "बायको असते."

"तिला आवडत असेल."

"हो. आवडतं."

त्या संध्याकाळी फोन टिंग टिंग करत राहिला. तेवढा तुकडा लोकांनी एकमेकांना पाठवला, रडू आलं म्हणून लिहिलं. पुढच्या रविवारी बघणारे कितीतरी पट वाढले, पण ते वाजवण्यासाठी आले नव्हते. कांताबाईंनी नवऱ्याला ओळखलं नाही की पैसे यायचे. ओळखलं की फोन गप्प. हे विनयच्या लक्षात आलं.

"बाबा, मध्ये एकदा विचारत जा ना आईला, मी कोण म्हणून. बस, एवढंच."

धोंडीरामांनी पहिल्यांदा विचारलं ते खाली बघूनच. पुढे सवय झाली. दोन गाणी वाजवायची, क्लॅरिनेट मांडीवर ठेवायचं आणि विचारायचं.

डिसेंबरातली एक संध्याकाळ मात्र वेगळी निघाली. कांताबाईंनी स्वतःहून शाल मागून घेतली. पडदे किती मळलेत म्हणाल्या. विनयला म्हणाल्या, "सर्दी झालीय तुला, कान बांध." धोंडीराम वाजवायला लागले तसं त्यांनी चमचा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, दात पडल्यापासून फुंक निसटते तुमची. वरचा सूर लागत नाही."

धोंडीरामांना हसू आलं. किती दिवसांनी कुणी त्यांची चूक काढली होती. फोन बंद करावा आणि तिच्याशी बोलत बसावं, असं त्यांना वाटलं. पण फोनच्या पडद्यावर बघणाऱ्यांच्या ओळी यायला लागल्या होत्या. अंकल, पूछिए ना. आज नहीं पूछेंगे? फोनमागून विनय हाताने खुणावत होता. धोंडीरामांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं आणि सवयीने विचारलं, "कांता, मी कोण?"

कांताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच नीट फोनकडे पाहिलं.

"हे कोण लोक आहेत?"

"ऐकायला येतात."

"तुम्ही दर वेळी हे विचारता का मला?"

धोंडीरामांनी क्लॅरिनेट मांडीवरून खाली ठेवलं.

"आणि मला सांगता येत नाही?"

"कधी कधी येतं."

"हसतात का ते?"

"नाही गं. रडतात."

तेवढ्यात फोनने टिंग केलं. कांताबाईंनी तो आवाज ऐकला. "पैसे देतात," त्या हळूच म्हणाल्या. "मग मी आज बरी आहे, ते त्यांना नको असेल."

धोंडीराम उठले आणि त्यांनी फोन पालथा घातला. विनयने पुढे होऊन लाइव्ह बंद केलं. तरी पालथा फोन वाजतच राहिला. त्या दिवसाइतके पैसे आधी कधीच आले नव्हते. कांताबाई शाल ओढून भिंतीकडे तोंड करून बसल्या. सकाळपर्यंत त्या सगळं विसरल्या. धोंडीरामांना ते सोपं झालं नाही, उलट माफी मागायला माणूसच उरलं नाही असं वाटलं. तशी संध्याकाळ पुन्हा आली नाही.

रविवार बंद झाले. विनय चिडला, मग रडला, मग त्याने बाईला महिनाअखेर कामावरून काढलं. धोंडीराम एकट्याने बायकोचं सगळं करू लागले. वेणी घालणं त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. पुढच्या थंडीत कांताबाईंच्या छातीत कफ झाला आणि आठवड्याभरात त्या गेल्या.

त्या शेवटच्या संध्याकाळचा व्हिडिओ मात्र फिरत राहिला. कुणीतरी त्यावर आपला कोड चिकटवला होता आणि खाली लिहिलं होतं, दादीजी के इलाज के लिए. विनयने तक्रारी केल्या. एक बंद झाला की दुसरीकडे दिसायचा.

उन्हाळ्यात धोंडीराम औषधाच्या दुकानात उभे होते. एका तरुण मुलीने त्यांना ओळखलं. "अंकल, आप वही हैं ना? मैं अब भी पैसे भेजती हूँ. आंटी कैसी हैं?"

ते तिच्या फोनकडे बघत राहिले. त्यात कांताबाई शाल पांघरून बसल्या होत्या.

"ठीक हैं," ते म्हणाले.

तिने विचारलं, एक फोटो काढू का. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि तिच्या शेजारी उभे राहिले.