मामांच्या लाल चिंध्या

माझ्या बायकोच्या मामांना समजणार नाही अशी गोष्ट वऱ्हाडात अजून पैदा झालेली नाही, आणि त्यांनी समजावल्यावर मला समजेल अशी गोष्टही अजून पैदा व्हायची आहे. मोर्शीजवळ त्यांची संत्र्याची बाग. रोज सकाळी एकेका झाडाच्या बुंध्यावर थाप मारत, साल हुंगत हा माणूस फिरणार आणि मध्येच एखाद्या हिरव्यागार झाडाला लाल चिंधी बांधणार. "हे बिमार पडते." महिनाभरात त्या झाडाचं पान पिवळं पडलंच म्हणून समजा! चिंध्या मामींच्या लुगड्याच्या, त्यामुळे मामींची बोलणी वेगळी. बरं, झाडांवर थांबतील तर ते मामा कसले? अमरावतीला आमच्याकडे आले तेव्हा माझ्या स्कूटरला चिंधी बांधून गेले. आठव्या दिवशी चांदूर रेल्वेच्या रस्त्यावर ती बसली ती बसलीच. काळा कोट घालून मी टेम्पोतून कोर्टात पोचलो.

बायको कॉलेजच्या प्रयोगशाळेत संशोधन करते. तिने एकदा मामांना आपलं काम सांगितलं. सोन्याचे डोळ्यांना न दिसणारे कण शिरेतून सोडायचे, ते शरीरातली वाईट गाठ हुडकून तिला चिकटतात आणि मशीनच्या फोटोत तेवढीच जागा उठून दिसते, गाठ मोहरीएवढी असली तरी. मामा उसळलेच. "म्हंजे चिंधीच बांधते ना वं! सोन्याची!" तिथून पुढे तासभर त्यांनी मला गाठ, संत्रं, सोनं आणि डिंक एकत्र करून समजावलं. शेवटी मी भीत भीत विचारलं, "मग ते सोनं परत निघतं का?" "जावईबापू, तुमी वकिलीच करा."

आणि मग दिवाळीत मामींनी माझ्या बायकोला आत बोलावून छातीतली गाठ दाखवली. चार महिने लपवली होती. मामींचं माहेर अकोल्याचं, म्हणून तिथल्याच दवाखान्यात नेलं. मामा बाकावर एकच वाक्य घोकत बसले, "रोज मले जेवाले वाढते हे. झाडाचं दिसते, हिचं कावून नाई दिसलं?" मग एकदम भाचीला म्हणाले, "तुये ते सोन्याचे कण आन."

"मामा, ते अजून उंदरांवरच चालू आहे."

"उंदराले पयले? अन् मामीले मंग?"

कुणीच हसलं नाही. मामींना फोटोसाठी आत नेताना मामांनी खिशातली चिंधी काढून त्यांच्या मनगटाला बांधली. सिस्टरने ती सोडून मामांच्या हातात परत दिली. ती हातात धरून तो सगळं समजलेला माणूस माझ्याकडे बघत राहिला.

ऑपरेशन झालं. मामी वाचल्या. परवा मोर्शीला गेलो तर अख्खी बाग लाल! एकूण एक झाडाला चिंधी.

"मामा, सगळीच बिमार?"

"मले आता भरोसा नाई राह्यला." ते पुढच्या झाडाकडे वळले. दहा पावलं मागे वाळलेल्या हातांनी मामी एकेक चिंधी सोडत येत होत्या. मी हळूच म्हटलं, "मामा, मागे मामी सोडताहेत."

"मालूम हाय," मामा मागे न बघता म्हणाले. "सोडून राह्यली, म्हंजे मागं हाय."