पुसायच्या आधीची यादी

पनवेलच्या एका स्कॅन सेंटरमध्ये मी नऊ वर्षं कॉम्प्युटर सांभाळते आहे. सुरुवातीला एक मशीन आणि माझ्या टेबलाखाली एक सर्व्हर, एवढंच होतं. मग नवीन पनवेलला शाखा निघाली, पाठोपाठ कोन गावात. एमआरआय आलं. एका माणसाच्या एका तपासणीचे शेकडो फोटो. दर दोन महिन्यांनी जागा भरायची आणि मी कपाळाला हात लावून बसायची.

शेवटी मी तिन्ही शाखांचे सर्व्हर एकमेकांना जोडले आणि नियम लिहिले. नवे फोटो जलद सर्व्हरवर. सहा महिन्यांनी ते आपोआप मोठ्या, संथ सर्व्हरवर जातील. आणि ठरलेली वर्षं उलटूनही कोणी उघडले नाहीत, तर डिलीट होतील. डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, कागदावर सही केली. मला वाटलं, सुटले.

सुटले कसली! नियम आपोआप चालायचे, पण अडले की फोन माझाच वाजायचा. भाचीच्या साखरपुड्यात मी हॉलच्या जिन्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. पुण्याहून चांगल्या नोकरीचं बोलावणं आलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "जा की. फक्त कुणाला तरी सगळं शिकवून जा." शिकायला दोघं आले, दोघंही महिन्याभरात गेले. सर्व्हरची खोली म्हणजे पूर्वीचं स्टोअर. खिडकी नाही, एसीचा सतत घोंगाट. आत स्वेटर घालून बसलं की बाहेर ऊन आहे की पाऊस, पत्ता लागायचा नाही.

एका दुपारी रिसेप्शनवरून मला बोलावलं. आपटा गावाकडच्या वीटभट्टीवर काम करणारं एक जोडपं आलं होतं. नवरा बाकावर बसून खोकत होता. बाई काउंटरला धरून उभी होती.

"याच्या छातीचा जुना फोटू हाय का तुमच्याकडं? हितंच काढला व्हता."

सरकारी दवाखान्यात त्याच्या फुप्फुसावर डाग दिसला होता. डाग जुनाच असेल तर काळजी नाही, नवा असेल तर सुई घालून तुकडा काढावा लागेल, असं तिथले डॉक्टर म्हणाले होते. घरची फिल्म वाळवीनं खाल्ली होती.

मी नाव शोधलं. नाव होतं, तारीख होती. फोटोच्या जागी एक ओळ होती: नियमानुसार डिलीट. अठरा दिवसांपूर्वी. आणि शेजारच्या रकान्यात, नियम कुणी लिहिला तिथे, माझं नाव.

"नाहीये," मी म्हणाले. "डिलीट झालाय."

"कुणी केला?"

"मशीननं."

नवरा बाकावरून म्हणाला, "मशीनला काय ठावं, आमी जिते हाव का नाय?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच मला तिथे उभं राहवेना. सरकारी दवाखान्यातली नवी फिल्म ठेवून घेतली आणि दोन दिवसांनी या, असं सांगून मी आत गेले.

जुना सर्व्हर बदलला तेव्हा त्याच्या बॅकअपच्या डिस्क नष्ट करायला सांगितल्या होत्या. मी आळसानं त्या कपाटात तशाच टाकल्या होत्या. चार डिस्क, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. पहिली सुरूच होईना. दुसरीवर नुसते गुडघे आणि कमरा. तिसरीवर, दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, त्याची छाती सापडली. आमच्या डॉक्टरांना दाखवली. नव्या फिल्मशेजारी ठेवून त्यांनी बराच वेळ पाहिलं. "तोच डाग आहे. तेवढाच आहे," ते म्हणाले. मी लगेच त्याची सीडी करायला घेतली.

दोघं आली तेव्हा मी सीडी बाईच्या हातात दिली आणि सांगितलं, "नियम मीच लिहिला होता. मशीनचा दोष नव्हता."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "आता पुसू नका," एवढंच म्हणाली.

तो नियम बंद करा, असं सांगायला मी डॉक्टरांकडे गेले. "सगळ्यांचं सगळं जन्मभर ठेवायचं? कुठे?" त्यांनी विचारलं. कायद्यानं जेवढी वर्षं ठेवावे लागतात, त्याहून जास्त आम्ही आधीच ठेवत होतो. मग तेच म्हणाले, "असं करा, पुसायच्या आधी यादी तुमच्याकडे येऊ दे. तुम्ही बघा आणि ठरवा."

तेव्हापासून दर शनिवारी यादी येते. नाव, वय, शरीराचा भाग. मेंदू, बावन्न. पोट, एकोणीस. कुणाला ठेवायचं, कुणाला जाऊ द्यायचं? एकदा मी सगळ्यांपुढे 'ठेवा' केलं. चारच दिवसांत जागा संपल्याचा लाल इशारा आला आणि पुढच्या शनिवारी दुप्पट नावं काढावी लागली. पुण्याचा पुन्हा फोन आला, मी नाही म्हटलं. सर्व्हर कुणालाही शिकवता आले असते. ही यादी कुणाच्या हातात द्यायची, ते सुचेना.

अलीकडे मी यादीतल्या लोकांना फोन करते. बरेच नंबर बंद असतात. लागला, तर सेंटरचं नाव ऐकूनच माणसं घाबरतात: "काय झालं? काही निघालं का?" नाही हो, मी घाईनं सांगते, जुने फोटो हवेत का, एवढंच विचारायचं होतं.

परवा एका आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठेवा की. तुम्हाला काय अडचण आहे?"