रूनाबाईंच्या नदीचा बर्फ

रूनाबाईंना खांदा द्यायचे सहाही जण एकाच बसमध्ये होते, आणि बस चालवणारा ऑरेस्ट त्या सहांतलाच एक. विनिपेगहून निघाल्यापासून त्याचं एकच घोकणं चाललं होतं: आज तरी वेळेवर पोचायचं.

'आज तरी' म्हणायला कारण होतं. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातल्या भूगोल शिक्षकांची संघटना बाईंनी उभी केली ती मुळी बसमध्येच. बंद खोलीतल्या सभांवर त्यांचा विश्वास नव्हता. दर वसंतात शिक्षकांना बसमध्ये कोंबायचं, आणि वाटेत खडीची खाण दिसली, ओढ्याने काठ खाल्लेला दिसला, की "थांबव रे!" म्हणून ओरडायचं. तिकडे ठरल्या ठिकाणी वक्ते ताटकळायचे, जेवण थंड व्हायचं. नव्या शिक्षकाला चिखलात उतरवून बाई विचारायच्या, "पाणी कुठून आलं? बघून सांग. पुस्तक मीपण वाचलंय!" ऑरेस्टलाही पहिल्या वर्षी असंच उतरवलं होतं. तेव्हा तो नोकरी सोडायच्या बेतात होता. त्यानंतर तो विषय त्याने पुन्हा काढला नाही.

एकच गोष्ट बाईंना कधी साधली नाही. आपल्या गावच्या नदीचा बर्फ फुटताना त्यांना सगळ्यांना दाखवायचा होता. पण बर्फ काही पत्रिका छापून फुटत नाही. बस दरवेळी एक दिवस आधी, नाहीतर दोन दिवस उशिरा.

बस बाईंच्या गावाच्या, आर्बोर्गच्या पुलावर आली आणि मागून जोसलीन किंचाळली. बाईंच्या मागे संघटनेचा गाडा आता तीच ओढत होती.

"ऑरेस्ट, थांबव!"

"आज नाही हं. जीव गेला तरी नाही."

"अरे, बर्फ निघालाय!"

ब्रेक कधी दाबला ते ऑरेस्टला कळलंच नाही. सगळे कठड्याशी धावले. बर्फाचे खोलीएवढे तुकडे एकमेकांवर चढत होते, पुलाच्या खांबांना धडका देत होते. काळे कपडे घातलेली ती शहाणीसुरती माणसं पोरांसारखी ओरडत होती. "बाई असत्या तर..." म्हणत जोसलीन रडायला लागली, आणि मग कुणाचाच पाय निघेना. वरच्या अंगाला मोठा थर तुंबला होता. तो सुटेपर्यंत कुणी हललं नाही.

स्मशानभूमीत पोचले तेव्हा शवपेटी खाली गेली होती. शेजारच्या कोळ्यांनी खांदा दिला होता. लोक चर्चमध्ये कॉफीला गेले होते, आणि बाईंचा नवरा एनार, सारा जन्म सरोवरावर, हिवाळ्यात बर्फ फोडूनसुद्धा, मासेमारीत घालवलेला म्हातारा, वाऱ्यात एकटा उभा होता.

"चाळीस वर्षं तुमच्या बसपायी माझ्या घरचं जेवण थंड झालं," तो म्हणाला. "आजसुद्धा? तिनं नावं घेऊन सांगितलं होतं, हेच सहा हवेत. लाज नाही वाटत?"

ऑरेस्ट पुढे झाला. टायर पंक्चर झाला म्हटलं असतं तर खपून गेलं असतं.

"नदीचा बर्फ फुटत होता, एनार. आम्ही बघत उभे राहिलो. चुकलं. हे आता भरून येणारं नाही."

एनारने मान वर केली. "आज फुटला?"

"आत्ताच. अजून वाहतोय."

म्हातारा बसच्या पायरीवर मटकन बसला.

"दवाखान्यात रोज विचारायची, फुटला का म्हणून. शेवटी मी म्हटलं, हो, फुटला. म्हटलं, सुखानं जाऊ दे बिचारी. तर डोळे उघडून म्हणते, 'खोटारड्या, एवढ्यात कसा फुटेल? तू कधी पुलावर गेलायस बघायला?'" त्याने बाहीने नाक पुसलं. "नव्हतोच गेलो. दरवर्षी बोलवायची. मी म्हणायचो, बर्फ फोडण्यात जन्म गेला माझा, त्यात बघायचंय काय!"

एनार दांडा धरून उठला आणि बसमध्ये चढला.

"चर्चमध्ये सगळे वाट बघतायत," जोसलीन हळूच म्हणाली.

"बघू देत," एनार म्हणाला. "हाण गाडी, ऑरेस्ट. संपायच्या आत पोचव मला."